उत्तरापूर्वीची दृष्टी

संशोधन करणारी एक विद्यार्थिनी काल माझ्या पत्नीशी बोलायला आली होती. मी शेजारीच जप करीत बसलो होतो.

"आजी, आयुष्यात काही करायचं राहून गेलं का?"

पत्नीने आधी माझ्याकडे पाहिले, मग ती हसली. "अगं, यांच्या पूजेची तयारी करण्यातच जन्म गेला. काही राहून जायला तरी सवड कुठे मिळाली!"

मुलीने वहीत काही लिहिले. मी चष्म्याआडून वाचले: 'उत्तरापूर्वी पतीकडे पाहिले.'

तेव्हापासून माझे चित्त जपात स्थिर होत नाही. छापील प्रश्नावलीत 'नाही'पुढे खूण झाली असती आणि विषय संपला असता. समोर बसून ऐकण्याच्या या पद्धतीने ती दृष्टी टिपली, हे तिचे सामर्थ्य. पण त्या दृष्टीत संकोच होता, भय होते की केवळ सवय, हे वही सांगू शकत नाही. पन्नास वर्षांच्या सहवासानंतर मीही सांगू शकत नाही. मी तेथून उठलो असतो, तर हेच उत्तर आले असते का?

आज सांजवात झाल्यावर न राहवून मी विचारले, "काल मी तिथं नसतो, तर काय सांगितलं असतंस?"

वाती वळणारे तिचे हात थांबले. उत्तर देण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले.