'न्हाई' तपासणारे बेळकोणे सर

डॉ. बेळकोणे सरांची आणि माझी पहिली भेट नांदेडला त्यांच्या खोलीत झाली, आणि ती मला आवडली नाही. विष्णुपुरीला अभियांत्रिकी शिकून मी मानसशास्त्राकडे वळले होते. ग्रामीण स्त्रियांचा ताण मोजणारी माझी प्रश्नावली रेणापूर तालुक्यात त्याच स्त्रियांकडून दोनदा भरून झाली होती. मी विचारायचे, उत्तरावर खूण करायचे. दोन्ही वेळची उत्तरे जुळत होती. आधीचे मार्गदर्शक निवृत्त झाल्यामुळे प्रबंध सरांकडे आला होता आणि तो सादर करण्याची मुदत संपत आली होती.

सर तक्ते पाहून म्हणाले, "ताई, हे आकडे लईच गुणी दिसायलेत. मला संशय यायलाय."

सर विद्यार्थ्यांना मुद्दाम रखडवतात, असे मी ऐकून होते. ते स्वतः माझ्याबरोबर गावात आले, तेव्हा ती मला पाळत वाटली.

प्रश्नावली भरून दिलेल्यांपैकी गिरजामावशी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. सरांनी माझेच विधान वाचले, "मला शांत झोप लागत नाही."

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

मी सवयीने 'असहमत'वर खूण केली. म्हणजे झोप उत्तम.

"न्हाई म्हंजे काय, मावशी? लागती का न्हाई लागत?"

"लागत न्हाई म्हणून तर न्हाई म्हनले की! मास्तर हाव ना तुम्ही? इतकं बी कळंना?"

"सून आल्यापासून झोप कुठली तिला!" शेजारीण म्हणाली, आणि ओटा हसला.

मी हसले नाही. माझी बरीच विधाने नकारार्थी होती. सर्वांत त्रासलेल्या स्त्रिया माझ्या तक्त्यात सर्वांत सुखी होत्या. चूक दोन्ही वेळा तीच, म्हणून उत्तरे जुळत होती. विश्वसनीयता होती, वैधता नव्हती: उत्तर दर वेळी तेच येत होते, पण जे मोजायचे ते मोजले जात नव्हते.

मुदतवाढीच्या बैठकीत सरांनी सांगितले, "उशीर माझ्यामुळे झाला." ते खरे नव्हते. इतके काटेकोर गृहस्थ असे का बोलले, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण त्यामुळेच मला प्रश्नावली नव्याने भरून घेता आली आणि प्रबंध मान्य झाला. गिरजामावशींना लातूरच्या डॉक्टरांकडे सरांनीच पाठवले. हे मला मावशींकडून कळले, सरांकडून नव्हे.

सरांच्या एकसष्टीनिमित्त सगळेच चांगले लिहिणार, म्हणून माझा लेखही त्यांनी संशयानेच वाचावा. एक वाक्य मात्र मी दोन अर्थ निघू नयेत अशा बेताने लिहिते: सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि आमच्या आकड्यांवर ते असाच अविश्वास दाखवत राहोत.