नवं औषध आणि खरं सांगणारा डॉक्टर

"पता नहीं, काकू." असं म्हणताना तो चष्मा काढायचा आणि सरळ माझ्याकडे पाहायचा. असे डॉक्टर तुम्हीही फार पाहिले नसतील. बाकीच्यांना सगळं माहीत असतं, फक्त थांबायला वेळ नसतो.

माझा मुलगा आमच्या रायपुरात, भनपुरीला ट्रकवरून पडला. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली, मोठ्या दवाखान्यात ठेवला. नातेवाईक म्हणत, आठ दिवसांत उठून बसेल. शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणे, असे उठत नाहीत. मी या डॉक्टरला विचारलं, हा मला ओळखेल का? त्याचं तेच उत्तर.

"मंग इतके वर्स शिकला काय तू?" मी तोंडावर म्हटलं.

तो रागावला नाही. स्टूल ओढून बसला आणि मेंदूला सूज कशी येते ते सांगत राहिला. आईवडील अमरावतीकडचे, हा रायपुरात वाढलेला. मराठी सगळी समजायची, बोलायचा हिंदीत.

मग एकदा त्यानं विचारलं, एका नव्या औषधाचं संशोधन चाललं आहे, मुलाला त्यात घेऊ का? काहींना औषध मिळणार, काहींना नेहमीचाच इलाज. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. नाही म्हटलं तरी इलाजात काही कमी होणार नव्हतं.

"तुह्या भावाले टाकशील काय त्याच्यात?"

त्यानं चष्मा काढला. "डालता, काकू. पर डरते-डरते."

मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, अंगठा लावत नाही.

मुलाला औषध मिळालं. हळूहळू तो जागा झाला, मला ओळखू लागला. उजवा हात मात्र गेला, बोलणं अडखळू लागलं. तरी नव्या औषधानं पोरगा वाचला, असं मी सगळ्या पाऱ्यात, मोहल्ल्यातल्या घराघरांत सांगत सुटले.

काही वर्षांनी डॉक्टर आमचं घर शोधत आला. रायपूर सोडून चालला होता. म्हणाला, त्या औषधाचा उपयोग नाही. ज्यांना दिलं नाही, तेही तितकेच बरे झाले.

"हे सांगाले काहून आला? नसतं सांगितलं त कोनाले समजलं असतं?"

"इसको हक है जानने का," म्हणाला, आणि मुलासमोर वेताचा मोढा घेऊन बसला. आमच्याकडे येणारे सगळे त्याच्यासमोरच मला विचारतात, जेवतो का, झोपतो का. यानं त्यालाच पहिल्यापासून सगळं सांगितलं, सावकाश.

मुलगा किती तरी वेळ ओठ हलवत राहिला. मी मध्ये बोलणार होते, डॉक्टरनं हातानं थांबवलं.

"मंग... दुसऱ्याले... देऊ नका."

"नहीं देंगे, भैया."

डॉक्टर पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर आमची भेट नाही. मुलगा कितीतरी वेळ दाराकडे तोंड करून ताठ बसला होता. अपघातानंतर इतकं ताठ बसलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं.