शेवट सांगा, मग चहा

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसून पुस्तकांवर बोलत राहिली, की पुस्तकं विसरली जातात आणि किस्से तेवढे उरतात. माझ्याकडे ते इतके साठलेत की परवा बायको म्हणाली, "एकदाचे कुणाला तरी सांगून टाका. मला पाठ झालेत!" म्हणून सांगतोय.

आमचं मंडळ दिल्लीत, मयूर विहारमध्ये, कुसुमताईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भरतं. महिन्याचा दुसरा रविवार. प्रश्न दोनच. सध्या काय वाचताय? आणि काय संपवलंत? बदल्या, महागाई भत्ता, सोसायटीची लिफ्ट हे विषय चहा झाल्यावर.

कुसुमताई सरकारी अनुवाद विभागातून रिटायर झाल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, त्यामुळे त्यांच्यापुढे थाप मारायची कुणाची टाप नाही. आम्ही चौघं त्यांचे विद्यार्थी असल्यासारखेच बसतो. अर्थखात्यातले जोगळेकर, सोलापूरचे शेख, वसईची मार्था आणि मी.

ताईंचे यजमान गेले तेव्हा त्यांची मुलगी मेधा बंगलोरहून रोज फोन करायची. एका रविवारी आमच्यासमोरच फोन आला. ताईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालू.

"आई, तू माझ्याकडे ये ना यार. एकटी काय करणार तिथे?"

"माझं मंडळ आहे इथे."

"कसलं मंडळ! चार जण येतात आणि पोहे खाऊन जातात. पुस्तक कुणी वाचतं तरी का?"

आम्ही पोहे खाता खाता थांबलो. ताईंना मात्र हे झोंबलं.

"ज्या महिन्यात या चौघांपैकी एकानेही पुस्तक संपवलेलं नसेल, त्या महिन्यात मंडळ बंद! आणि मी सामान बांधून तुझ्याकडे."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. "ऐकलंत ना? माझं वाचन धरायचं नाही, मी वाचणारच आहे. आता तुम्ही वाचा!"

गंमत वाटली, पण ती गंमत नव्हती. ताई शब्दाला पक्क्या. आणि त्यांना जायचं नव्हतं. एकदा मार्थाला म्हणाल्या होत्या, "मेधा ऑफिसला गेली की दिवसभर मी तिथे मराठीत कुणाशी बोलू गं?" मार्थाने ते आम्हाला जिन्यात सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही हट्टाला पेटलो. काहीही होवो, महिन्याला एक पुस्तक संपलंच पाहिजे!

*

पहिले काही महिने झकास गेले. फारच झकास!

एक कौटुंबिक कादंबरी आमच्यात फिरत होती. जोगळेकरांनी संपवली. म्हणाले, "शेवट बिल्कुल अनपेक्षित." पुढच्या महिन्यात शेख म्हणाले, "शेवट मनाला चटका लावतो." मग माझा नंबर. तेव्हा मी गावी होतो, म्हणून पुस्तक माझ्याआधी ताईंकडे गेलं.

दुसऱ्या रविवारी ताईंनी ते पुस्तक टीपॉयवर ठेवलं आणि शेवटचं पान उघडलं. वाक्य मधेच तुटलं होतं. बाइंडिंगमधून शेवटच्या पानांची सबंध घडीच गळून पडली होती! कहाणीतली मुलगी दार उघडायला उठते आणि पुस्तक खलास.

"जोगळेकर, दाराबाहेर कोण होतं?"

जोगळेकर पंख्याकडे बघायला लागले.

"शेख, चटका कशाचा लागला?"

शेख शांतपणे म्हणाले, "ताई, मला वाटलं नवीन पद्धतीची कादंबरी आहे. हल्ली असंच सोडून देतात!"

त्या महिन्यांत मार्थाची पुस्तकं खरंच संपली होती म्हणून मंडळ वाचलं, पण त्या दिवसापासून नियम झाला. संपवलं म्हणणाऱ्याने शेवट सांगायचा. ताई विचारणार, "शेवटी काय होतं?" उत्तर बरोबर आलं, तरच ताई चहा ठेवणार. आमची पंचाईत अशी की मराठीतलं बहुतेक सगळं त्यांनी वाचलेलं!

*

मार्था नर्स आहे. राहते हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, म्हणजे मयूर विहारला यायचं तर दिल्लीचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. तिचं सगळं वाचन मेट्रोत होतं.

एका रविवारी ती तासभर उशिरा आली. त्या महिन्यात बाकी कुणाचं काही संपलं नव्हतं, त्यामुळे आम्ही खिडकीत उभे. मार्था आली ती धापा टाकत.

झालं असं की ती रहस्यकथेच्या शेवटच्या पानांवर होती. शेजारी करोल बागेतली एक जाडजूड आंटी. मार्था पान उलटणार इतक्यात आंटीने तिचा हात धरला.

"रुको! मैं अभी आधे पे हूँ!"

मराठी-हिंदीची लिपी एकच, त्यामुळे आंटी मघापासून आरामात वाचत होती. कळत होतं निम्मं, पण खून झाल्याचं तिला पक्कं कळलं होतं! मार्थाने मग एकेक पान हिंदीत समजावत नेलं. दोघींचं गाडी बदलायचं स्टेशन गेलं. त्याच्या पुढचीही गेली.

"अच्छा, मग शेवटी काय होतं?" ताईंनी विचारलं.

"सांगते ताई. पण जरा हळू बोलायला लागेल."

"का गं?"

"शेवटची दोन पानं राहिली होती, ती मी जिन्यात वाचली. आंटीला अजून कळलेलं नाही. ती खाली रिक्षात बसलीय. म्हणते, खुनी कौन है, ये जाने बिना मैं घर नहीं जाऊँगी!"

आंटीला वर बोलावलं. त्या दिवशी चहा सहा जणांना झाला.

*

बजेटचा महिना म्हणजे आमच्या मंडळावरची साडेसाती. जोगळेकर आपल्या खात्यात अडकलेले आणि बाकीच्यांनाही वरून रोज काहीतरी मागवलं जायचं. एका फेब्रुवारीत तिघांनी माना खाली घातल्या. "वाचतोय." "वाचतेय." "वाचतोय."

राहिले जोगळेकर. डोळे लाल, दाढी वाढलेली. सहा महिने ते एकच ऐतिहासिक कादंबरी वाचत होते आणि त्यांचा नायक अजून मुंजीतच होता! आमचा धीर सुटला.

"मी संपवलं," जोगळेकर म्हणाले.

"कोणतं?"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. लोणची आणि मुरांबे! बायकोचं.

"हे पुस्तक आहे?" शेख ओरडले.

"कव्हर टू कव्हर वाचलंय," जोगळेकर ठामपणे म्हणाले. "एकही ओळ गाळलेली नाही. विचारा, ताई."

ताईंनी चष्मा लावला. "शेवटी काय होतं?"

"शेवटी लिंबू मुरतं. पण घाई केली तर कडू होतं."

ताई म्हणाल्या, "इतका स्पष्ट शेवट हल्लीच्या कादंबऱ्यांना जमत नाही," आणि चहाला उठल्या.

*

शेखांची मधे गुवाहाटीला बदली झाली. आम्ही म्हटलं, गेला एक वाचणारा! पण माणूस जिद्दीचा. म्हणाले, "फोनवर हजेरी लावीन."

नेमका त्याच महिन्यात फक्त त्यांचाच ग्रंथ संपला होता. एका पैलवानाचं चरित्र. फोन स्पीकरवर ठेवला आणि ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"शेवटी ना ताई, त्याचा तो जुना वैरी त्याला भेटायला येतो आणि..."

फोन कट!

पुन्हा लावला. "जुना वैरी येतो आणि..." पुन्हा कट!

मी म्हटलं, "ताई, एवढ्यावर पास करा ना."

"वैरी तर सगळ्यांच्याच घरी येतात," ताई म्हणाल्या. "पुढे काय?"

तिकडे शेख ऑफिसच्या गच्चीवर चढले. रविवारी ड्यूटीवर बोलावलेलं अर्धं ऑफिस खाली पटांगणात उन्हाला बसलेलं. अखेर रेंज आली आणि शेख जिवाच्या आकांताने ओरडले, "त्याला मिठी मारतो! वैऱ्याला मिठी मारतो!"

ओरडले मराठीत, पण मिठीचा अभिनय हातांनी केला, आणि तोही गच्चीच्या कठड्याला वाकून. खाली त्यांचे डायरेक्टर उभे होते. त्या दोघांचं महिनाभर वाजलेलं होतं. डायरेक्टरनी वर पाहिलं, जरा घुटमळले आणि म्हणाले, "चलो शेख साब, नीचे आइए. बात ख़त्म करते हैं."

पुढच्या वर्षी शेखांची दिल्लीला परत बदली झाली. शिफारस डायरेक्टरांचीच!

*

आणि आता गेल्या पावसाळ्यातला महिना.

तो महिनाच वाईट निघाला. जोगळेकरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केलेली. मार्थाच्या वॉर्डात डेंग्यूचे पेशंट, तिला डबल ड्यूटी. शेखांच्या मुलीचं लग्न. मी स्वतः तापात. लोणच्याचंसुद्धा पुस्तक कुणी उघडलं नव्हतं.

त्यात मेधा आलेली! चार दिवस आईकडे राहायला. दार तिनेच उघडलं. हॉलच्या कोपऱ्यात नवी कोरी मोठी सूटकेस उभी होती, आणि ती मेधाची नव्हती.

जिन्यात आमचं बोलणं झालं होतं. शेख म्हणाले होते, "मी जुनंच एखादं सांगून टाकतो." मार्था म्हणाली, "ताई ओळखतील. आणि ओळखलं ना, तर उद्याच जातील." ते खरंच होतं. खोट्याच्या आधारावर ताई दिल्लीत एक दिवस राहिल्या नसत्या.

बसलो. ताईंनी विचारायला सुरुवात केली.

"वाचतोय," जोगळेकर पुटपुटले. डोळ्यावर काळा चष्मा, म्हणजे 'वाचतोय' हेही खरं नव्हतं.

"वाचतेय."

"वाचतोय."

माझी पाळी आली. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

ताई पदर सारखा करून म्हणाल्या, "ठीक आहे. शब्द दिला तो दिला. मेधा, तुझी तिकिटं कधीची आहेत म्हणालीस?"

मार्थाने तोंड फिरवलं. मलाही ताईंकडे बघवेना. इतकी वर्षं बसतो त्या खोलीत कुठे बघावं हेच कळेना.

"आई," मेधा म्हणाली, "मला नाही विचारलंस."

"तुला काय विचारायचं?"

"मी पण बसलेय ना इथे. मी संपवलंय एक."

मेधा दिल्लीत वाढलेली. मराठी बोलते फर्स्ट क्लास, पण वाचताना ओळीखाली बोट धरते. तिने शेजारची कादंबरी उचलली. कोकणातल्या एका पोस्टमास्तरणीची, चांगली जाडजूड. आम्ही सगळ्यांनी वाचलेली. ताईंनी तर तीनदा. शेवटी ती बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारी देते आणि मुलाकडे शहरात निघून जाते. ते पान वाचून शेखांसारखा माणूस रडला होता.

मेधाने खूण म्हणून विमानाचा बोर्डिंग पास घातला होता. तो पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच डोकावत होता. आम्हाला दिसला. ताईंनाही दिसलाच असणार.

ताईंनी चष्मा लावला. नेहमीच्याच आवाजात विचारलं, "शेवटी काय होतं?"

मेधा आईकडे बघत होती. पुस्तक तिने मिटून छातीशी धरलं होतं.

"शेवटी ना... ती कुठेच जात नाही. तिथेच राहते."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या.