नाल्यापलीकडची बंदूक

निवडणूक लागली की आम्हा लायसनवाल्यांना ठाण्यात बंदूक जमा करावी लागते. निकालापर्यंत बंदूक त्यांच्याकडे आणि पावती आमच्याकडे. मी चौथी शिकलेला माणूस, पण त्या पावतीवरचा मजकूर मला तोंडपाठ आहे. एरवी आम्ही बंदूकवाले एकमेकांना ओळखही देत नाही. ठाण्यातल्या बाकावर मात्र मांडीला मांडी लावून बसतो आणि लग्नाच्या पोरीचे सांगावेत तसे आपापल्या बंदुकीचे गुण सांगतो.

यंदा माझ्या डाव्या बाजूला कळमेश्वरचा एक ठेकेदार होता. त्याच्या कमरेला रिव्हॉल्वर होती, पण पोटाखाली ती शोधावी लागत होती.

"आपलं लायसन ऑल इंडिया आहे, काकाजी. काश्मीरपर्यंत नेता येते."

"काश्मिरात कोणतं टेंडर निघालं गा?" मी विचारलं.

ती रिव्हॉल्वर त्यानं आयुष्यात एकदाच चालवली, दसऱ्याच्या पूजेनंतर, आणि स्वतःच्याच गच्चीवरच्या टाकीला भोक पाडलं. हे मागच्या निवडणुकीत याच बाकावर त्यानंच सांगितलं होतं. तो विसरला. मी नाही विसरलो.

उजव्या बाजूला माझा इवाई, म्हणजे व्याही, सुनेचा बाप. तो मध्य प्रदेशातला. त्याच्या राज्यात आणि माझ्या शेतात फक्त एक नाला. तिकडे निवडणूक नव्हती, म्हणून त्याची एकनाली बंदूक घरी आरामात होती आणि तो आमची फजिती पाहायला माझ्या मोटरसायकलवर मागं बसून आला होता.

"आमच्या राज्यात बंदूक म्हणजे घरची लक्ष्मी जी," तो म्हणाला. "तुमचं सरकार तिले दर निवडणुकीले माहेरी धाडते."

"मागं तुमच्या इकडं निवडणूक झाली, तवा तुमची लक्ष्मी कुठं होती?"

"ते अलग."

"अन् एकनालीचं काय सांगता? तुम्ही दुसरं काडतूस भरेपर्यंत डुक्कर जेवून हात धुते. आमच्या दुनालीचं तसं नाही."

ठेकेदार हसला. मीही हसलो, पण लक्ष शेताकडे होतं. नाल्याकाठी माझा तीन एकर हरभरा बोटभर वर आला होता. दिवस मावळला की पलीकडच्या जंगलातून रानडुकरं येतात. मी त्यांना मारत नाही, हवेत एक बार काढतो, की कळप आल्या वाटेनं परत जातो. आता महिनाभर बार कोण काढणार?

"साहेब, डुकरायलेही आचारसंहिता लावा," मी जमादाराला म्हटलं. त्यानं पावती फाडून दिली.

तिसऱ्याच दिवशी धुऱ्याच्या बांधाजवळचे चार तास, म्हणजे हरभऱ्याच्या चार ओळी, नांगरल्यासारखे उकरलेले दिसले.

"इवायाले बलावून पाहा ना," बायको म्हणाली.

"त्या एकनालीले? काहून वं, माझी अक्कल गेली काय?"

दुसऱ्या दिवशी आणखी चार तास गेले. मग मी सुनेच्या फोनवरून, जणू सहजच, विषय काढला. इवाई टुणकन तयार झाला. पण त्याच्या लायसनवर त्याच्याच राज्याचा शिक्का. बंदूक घेऊन नाला ओलांडला की गुन्हा.

"मी पलीकडूनच वाजवतो," तो म्हणाला. "आवाजाले कोण लायसन मागते जी?"

आम्हा दोघांना ही युक्ती इतकी आवडली की दोन्ही सरकारांना एकदम गंडवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तो पलीकडच्या काठावर, मी अलीकडे धुऱ्यावर. कळप नाला उतरून हरभऱ्यात शिरला. मी दुपट्टा हलवला. इवायानं बार काढला. एकनाली वाजली मात्र जोरदार, खोटं कशाला बोलू.

डुकरं शाळेत गेली नसली तरी मूर्ख नाहीत. आवाज आला त्यांच्या घराकडून, म्हणून ती पळाली माझ्या घराकडे. अख्खा कळप हरभरा तुडवत माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला. माझ्या खिशात दुनालीची पावती होती. ती काय डुकरांना दाखवू?

"कशी वाजली, इवाई?" पलीकडून आवाज आला.

खरं सांगितलं असतं तर दर निवडणुकीत मलाच ऐकावं लागलं असतं.

"मस्त वाजली जी! भेऊन पळाले सारे!"

"मंग हा डब्बा कायचा वाजून राहिला?"

माझ्या मागं, गोठ्यापाशी, माझी बायको तेलाचा रिकामा डबा बडवत डुकरांमागं धावत होती. ती त्यांना दुसऱ्या अंगानं वळवून पुन्हा नाल्याकडे आणत होती.

"कुठंतरी पूजा असन," मी ओरडलो.

त्या दिवसापासून निकालापर्यंत रोज तिनं ती पूजा केली. तीनपैकी दोन एकर हरभरा वाचला. दुनाली घरी आणली तर तिच्या खुंटीवर तो डबा टांगलेला. काढ म्हटलं, तर तिनं काढला नाही.

"येऊन राहिली ना जिल्हा परिषद," ती म्हणाली.

बंदूक सध्या कपाटात आहे. इवाई विचारतो तेव्हा मी सांगतो, कायद्यानं तिथंच ठेवावी लागते.