पाचवा संकल्प

संकल्प सोडण्याच्या बाबतीत माझ्या साडूंची बरोबरी करणारा माणूस ठाण्यापासून कल्याणापर्यंत कधी झाला नाही, आणि ते मोडण्याच्या बाबतीत पुढेही कोणी होईलसं मला वाटत नाही. इतर लोक पाडव्याला गुढी उभारतात, कडुनिंबाचा पाला चावून तोंड वाकडं करतात आणि नवं वर्ष आपल्या पायांनी येऊ देतात. साडूंना ते पुरेसं वाटत नसे. कल्याणच्या तळ्याकाठी त्यांचं लहानसं घर होतं. पाडव्याच्या सकाळी त्याच्या ओसरीवर आळीतली दहाबारा माणसं जमत. आधी जोशीबुवा पंचांग काढून पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण ते सांगत. मग साडू उपरणं सावरून उभे राहत आणि सरत्या वर्षात आपल्या हातून काय झालं व येत्या वर्षात काय होणार आहे, हे कागदावरून वाचून दाखवत. जोशीबुवांचं भाकीत अधूनमधून खरं व्हायचं. साडूंच्या बाबतीत तसा धोका नव्हता.

ते ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे हार कबूल करण्याची भाषा त्यांना ठाऊकच नव्हती. "मोडला नाही, तहकूब झाला," असं ते प्रत्येक संकल्पाबद्दल सांगत, आणि तहकुबीची कारणं इतक्या गांभीर्याने मांडत की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक असलीच तर ती संकल्पाची आहे. संकल्प एकंदर पाच. पहिला तपकीर सोडण्याचा. त्यासाठी एका पाडव्याला त्यांनी आपली चांदीची डबी सर्वांसमक्ष माझ्या हवाली केली. मी इथल्या शाळेत मास्तर, शिवाय बायकांच्या नात्याने भाऊबंद. तेव्हा डबीला याहून चांगला जामीन मिळणार नव्हता. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, डबी सुखरूप आहे ना, एवढं पाहून जातो." डबी पाहिली. मग आतली तपकीर ओलीबिली झाली नाही ना, ते पाहिलं. पुढे पंधरा दिवस ते रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या घरी डबीची विचारपूस करायला येत, आणि माझ्या घरात शिंकांचा असा काही सुकाळ झाला की शेवटी बायकोनेच डबी त्यांच्या हातात ठेवली.

दुसरा संकल्प दर संकष्टीला टिटवाळ्याच्या गणपतीला पायी जाण्याचा. निघत मात्र ते खरोखरच, अनवाणी, हातात जास्वंदीची फुलं घेऊन. पण वाटेवर मोहने गावी त्यांच्या एका स्नेह्यांचं घर होतं आणि त्या घरी संकष्टीला रताळी उकडत. साडू टेकायला म्हणून बसत आणि ऊन उतरल्यावर कल्याणाकडे परत येत. फुलं मोहन्याच्याच देवघरात जात. "गणपती एकच," ते म्हणत. "टिटवाळ्याचा काय नि मोहन्याचा काय." तिसरा संकल्प इंग्रजी शिकण्याचा. तो बरेच महिने टिकला होता, आणि तेच वाईट झालं. कोर्टात नवा साहेब आला. त्याने यांना बोलावून काहीतरी विचारलं. यांनी मोठ्या आत्मविश्वासाने तीनदा "येस सर" म्हटलं. मागाहून कळलं, की हरवलेलं एक दप्तर तुम्हीच हरवलंत का, असं तो विचारत होता. चौथा संकल्प रागावर ताबा मिळवण्याचा. राग आला की आधी एकशेआठ वेळा रामनाम घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते नाम ते अशा काही आवेशाने, दातओठ खात घेत की पहिल्या दहांतच आळीतल्या बायका मुलांना घरात ओढून दारं लावून घेत.

पाचवा संकल्प होता 'कुटुंबास अक्षरओळख करून देणे.' तो वाचताना साडूंचा आवाज जरा खाली येई, कारण जोशीबुवा समोरच बसलेले असत. बाईमाणसाच्या हाती पुस्तक आलं की घरातून लक्ष्मी जाते, असं त्यांचं मत होतं आणि ते कधी खालच्या आवाजात सांगत नसत. साडूंचं कुटुंब म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणत असू. मूलबाळ नव्हतं. पहिल्या वर्षी साडूंनी खरोखरच पाटी आणली, तिच्यावर 'अ' काढला, आणि पेन्सिल कशी धरावी हे सांगता सांगता सरकारी लिपी, तिचे दोष आणि कोर्टातले कारकून यांवर घटकाभर बोलले. तोवर चुलीवरचं दूध उतू गेलं. शिक्षण तिथेच तहकूब झालं.

एक गोष्ट सांगायला हवी. कोर्टातलं सगळं लिखाण मोडीत करणारे माझे साडू संकल्प मात्र बाळबोधीत, म्हणजे पोथीतल्या देवनागरीत, लिहीत. मोडी पोटासाठी, बाळबोध देवासाठी, असं त्यांचं म्हणणं. बोरूने मोठाल्या टपोऱ्या अक्षरांत लिहून तो कागद ते स्वयंपाकघराच्या दारावर खळीने चिकटवत, म्हणजे जेवताना नजरेसमोर राहील. पुढच्या पाडव्याला त्यावर नवा कागद. मजकूर अक्षरशः तोच. असं अकरा वर्षं चाललं.

बाराव्या पाडव्याला ओसरीवर नेहमीचीच माणसं होती. साडू उभे राहिले, कागद समोर धरला आणि वाचू लागले. तपकीर झाली, टिटवाळा झाला. मी शेजारीच होतो. माझं लक्ष गेलं आणि त्याच वेळी जोशीबुवांचंही गेलं.

"कागद उलटा धरलाय तुम्ही," जोशीबुवा म्हणाले.

साडू हसून म्हणाले, "पाठ आहे हो, बुवा. कागद आपला शोभेला."

सगळे हसले. मीही हसलो. इंग्रजी झालं, राग झाला, आणि पुढे साडू अडले. पाठ असलेला माणूस अडला की फार अवघडल्यासारखं होतं. त्यांनी कागद सुलट केला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला. तेवढ्यात मधल्या दारातून अक्का बाहेर आली. दहाबारा पुरुषांसमोर ती ओसरीवर आलेली मी तोवर पाहिली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने नवऱ्याच्या हातातून कागद घेतला आणि खाली मान घालून, एकेक अक्षर सुटं करत वाचलं, "पाचवा. कुटुंबास अक्षरओळख करून देणे."

मला वाटलं, आता रामनाम सुरू होणार. साडूंचा चेहरा लाल झाला होता.

"कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"इकडूनच," अक्का म्हणाली. "अकरा वर्षं तेच लिहिणं झालं, तेच मोठ्याने वाचणं झालं. दारावर बघून बघून जुळवलं. एखादा तरी संकल्प पुरा होऊन मजकूर बदलला असता, तर मला आलं नसतं."

साडू जोशीबुवांकडे तोंड करून, कोर्टात निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत? पाचवा तडीस गेला."

जोशीबुवा पंचांग काखोटीला मारून उठले. "उद्या पंचांगही यांच्याकडूनच वाचून घ्या," म्हणाले आणि निघून गेले. पण मी अक्काकडे बघत होतो. कागदावर पाचव्याच्या खाली आणखी एक ओळ होती, वाकडीतिकडी, शब्दांवर शब्द चढलेली. अक्काचे ओठ हलले. मग तिने कागदाची घडी घातली, "एवढंच आहे," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी साडू माझ्याकडे आले, डबी स्वतःचीच घेऊन. म्हणाले, "मास्तर, दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय. सहा महिने कोर्टात अंदाजाने निभावतोय. यंदा सहावा संकल्प लिहिला होता, दृष्टी जाते आहे हे घरात सांगणे. तोही तहकूब होणार होता. हिने तो चारचौघांत वाचला नाही. रात्री जेवण वाढताना मात्र ताट माझ्या हाताला लावून म्हणाली, भात उजवीकडे आहे."

मुंबईच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. नोकरी गेली. त्यानंतर रोज दुपारी अक्का ओसरीच्या आतल्या बाजूला बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि साडू तिच्या ऱ्हस्वदीर्घावर खेकसत. ऱ्हस्वदीर्घ वाचताना कळतं कसं, हे त्यांनाच ठाऊक. माझी बायकोही दुपारची बहिणीकडे जाऊ लागली. कशाला जातेस, असं मी विचारलं नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारणं जड जातं. साडूंनी निदान संकल्प तरी केला होता.

चार पाडवे अक्काने त्यांच्या सांगण्यावरून कागद लिहिला. पाचव्या पाडव्याच्या आधीच, माघात, ते गेले. त्या वर्षी त्या घरावर गुढी नव्हती. तरी सवयीने मी तळ्याकाठी गेलो, तर ओसरीवर जोशीबुवा आधीच येऊन बसले होते. पंचांग मांडीवर होतं, उघडलेलं नव्हतं. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. उन्हं पायरीपर्यंत आली. मग बुवांनी घसा साफ केला आणि आतल्या दाराकडे न बघता म्हणाले, "बाई, त्यांचं काही लिहिलेलं असेल तर वाचा. मी ऐकतो."

मग दाराआडून अक्काचा आवाज आला. आता तिला अक्षरं सुटी करावी लागत नव्हती.