पेंढ्यावर पडलेलं मॅगझिन

कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. रक्कम अकराशे रुपये. हजर: थोरले बंधू, वहिनी, माझी पत्नी आणि मी. ठिकाण मुठ्याचं आमचं शेत, पेंढ्याच्या उडवीशेजारी.

अकराशे रुपये ही हरभऱ्याच्या बियाण्याची किंमत. दहा किलोची पिशवी दादांनी आदल्या दिवशी आणून ओसरीत ठेवली होती. भात निघाल्यावर ओढ्याकडच्या दोन खाचरांत हरभरा टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ती दोन खाचरं मी गेले दोन हिवाळे एअरसॉफ्टच्या नेमबाजीसाठी मोकळी ठेवत आलो होतो. रान दोघांचं सामाईक, पण कसतात दादा. मी जांब्यात राहतो, एका कारखान्याच्या स्टोअरचा हिशेब बघतो आणि रविवारी मुठ्याला येतो. तेव्हा त्यांचा शब्द मोठा, हे मला मान्य होतं.

आम्ही उडवी रचत होतो. दादा वर उभे, मी खालून पेंढ्या फेकत होतो.

"नेमबाजीला माजी ना न्हाई," दादा वरून म्हणाले. "पोरं येत्यात, दोन तास ठो ठो करत्यात, जात्यात. पन तू शेवटचा येतूस. दोन टायमाला शेवटचा आलास. गावात काय म्हनत्यात म्हाईत हाय का? म्हनत्यात, धाकट्यानं आपलं हसू करून घ्यायला सवताचं रान दिलंय."

"कोण म्हणतं?"

"मी बी म्हनतोय."

वहिनी हसल्या. माझी पत्नीही हसली, पण तोंड फिरवून.

मग दादांनी बोली केली. दोन आठवड्यांनी सामना होता. त्यात मी शेवटचा आलो तर दुसऱ्या दिवशी खाचरांत हरभरा पडणार आणि नेमबाजी कायमची बंद. शेवटचा आलो नाही, तर ही दोन खाचरं दर हिवाळ्याला माझी. दुकानदार बियाणं परत घेत नाही, म्हणून त्याचे अकराशे मी दादांना द्यायचे आणि पिशवी मी घ्यायची. मी हो म्हणालो.

हा खेळ मुठ्याला कसा आला ते सांगतो. जांब्यात माझ्या चार खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण भाडेकरू राहतो. त्याला आणि त्याच्या मित्रांना सरावाला जागा हवी होती. आमच्या त्या दोन खाचरांच्या मागचा बांध पुरुषभर उंच आहे, त्यामुळे छर्रा पलीकडे जात नाही. पहिल्या रविवारी मी गेलो तो केवळ बांध कोणी पाडत नाही ना हे बघायला. बांध शाबूत राहिला, मी मात्र टायमरच्या नादी लागलो.

पिस्तूल दिसायला खरं, पण त्यातून सुटतो तो सहा मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा. मैदानात पाऊल टाकायच्या आधी डोळ्यांवर चष्मा चढवायचा, पिस्तुलाचं तोंड कायम बांधाकडे ठेवायचं आणि नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. या तीन गोष्टींत चूक झाली की माणूस बाद. पंच टायमर वाजवतो, मग नेमबाज या आडोशावरून त्या आडोशाकडे जात कागदी लक्ष्यं आणि लोखंडी पत्रे टिपत जातो. प्रत्येक कागदावर दोन छर्रे; मधल्या चौकटीला किंवा पत्र्याला पाच गुण, बाहेरच्या पट्टीला तीन. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. नुसता अचूक असून भागत नाही आणि नुसता वेगवान असूनही भागत नाही. आयुष्यभर मी बेरजा-वजाबाक्या केल्या, पण इतका निःपक्षपाती भागाकार मला दुसरीकडे भेटला नव्हता.

खेळायच्या आधी प्रत्येक जण मोकळ्या हाताने सगळा मार्ग चालून बघतो. अंगठा आणि दोन बोटं पुढे करायची आणि कुठे थांबायचं, कुठे वळायचं हे घोकायचं. ओढ्यापलीकडून जाणाऱ्या माणसाला काय दिसत असेल? चौदा जाणते लोक रिकाम्या खाचरात बोटांनी पिस्तूल धरून पुटपुटत फिरताहेत, आणि त्यातला एक पन्नाशी उलटलेला. गावाने हसायचं नाही तर काय करायचं?

आता माझ्या शेवटच्या नंबरचं कारण. माझा नेम वाईट नाही. मागच्या सामन्यात शेवटच्या फेरीला मी शंभरातले नव्वद गुण घेतले होते, आणि तेवढे गुण फक्त चौघांना होते. पण वेळ लागला छत्तीस सेकंद. नव्वद भागिले छत्तीस, अडीच. माझ्या वरच्याला दोन पूर्णांक सात होते.

भाडेकरूने मोबाइलवर काढलेलं चित्रण मी थांबवून थांबवून बघितलं. छत्तीसमधले बारा सेकंद मी दोनदा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी छर्ऱ्यांची डबी, बदलण्यात घालवले होते. एका मॅगझिनमध्ये आठच छर्रे भरायचे असा आमचा नियम आहे, त्यामुळे वीस-बावीस छर्ऱ्यांच्या फेरीत दोनदा बदलावंच लागतं. बाकीचे रिकामं मॅगझिन सरळ जमिनीवर सोडून देतात आणि कमरेचं दुसरं बसवतात. दोन सेकंदांत काम होतं. मी रिकामं मॅगझिन डाव्या हाताने काढायचो, विजारीच्या खिशात ठेवायचो, खिशाची चेन लावायचो, मग दुसरं घ्यायचो.

"काका, मॅगझिन पडण्यासाठीच असतं," भाडेकरू मला प्रत्येक रविवारी सांगायचा.

"तुझं असेल."

एका मॅगझिनला बत्तीसशे रुपये पडतात. भात कापल्यावर खाचरात खाली काय असतं? वाळलेली ढेकळं, भाताची खुंटं आणि मधूनच वर आलेला दगड. एकाच्या मॅगझिनचं तोंड असंच दगडावर फुटलेलं मी पाहिलं होतं. शिवाय हातातली वस्तू मुद्दाम खाली टाकायची ही गोष्ट आमच्या घरात कोणी शिकवलेली नाही. शेंगेचं टरफलसुद्धा आम्ही मुठीत धरून ठेवतो.

तर त्या दिवशी बोली झाली आणि मी उडवीवर चढलो, दादांना खाली उतरायचं होतं म्हणून. वर वाकलो आणि सदऱ्याच्या खिशातला मोबाइल निसटला. दहा फुटांवरून तो खाली सुट्या पेंढ्यात पडला. मी खाली बघत राहिलो. आवाजच झाला नाही.

"फोन पडला की रं तुजा," दादा म्हणाले.

पत्नीने तो उचलून पुसला. ओरखडाही नव्हता. मी वरूनच विचारलं, "वहिनी, यातल्या तीस पेंढ्या मला मिळतील का? सामन्यापुरत्या?"

"कशाला?"

मी सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या. पन त्यात तुमचं छर्रं पडलं की त्यो पेंढा मी म्हशीफुडं घालनार न्हाई. प्लाष्टिक पोटात गेलं तर म्हस तुमी आनून देनार का? पेंढ्याचं पैसं पडतील."

"देतो."

"देत्यात, देत्यात," दादा म्हणाले. "आधी शेवटचा नंबर तर चुकव."

भाडेकरूला फोन करून मी स्पष्ट विचारलं. पेंढा माझ्या एकट्यासाठी टाकायचा नाही, जिथे मॅगझिन बदललं जातं त्या दोन्ही जागांवर सगळ्यांसाठी टाकायचा, हे नियमात बसतं का? तो म्हणाला, सगळ्यांना सारखं असेल तर बसतं. नंतर म्हणाला, "काका, याचा फायदा तुम्हालाच होणार. आम्ही तर आधीपासून टाकतोच."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

मग सराव. जांब्याच्या घरी पलंगावरची गादी खाली घेतली आणि तिच्यावर मॅगझिन सोडायला लागलो. छर्रे नाहीत, ते उडवणारा गॅस नाही, नुसतं काढणं आणि बसवणं. पहिल्या संध्याकाळी डाव्या हाताने ऐकलंच नाही. मॅगझिन सुटलं की हात त्याच्या मागे जायचा आणि अर्ध्यात झेलायचा. पत्नी दारात उभी राहून बघत होती.

"अहो, तुम्ही मॅगझिन टाकणार? लग्नातल्या हाराची दोरी अजून कपाटात आहे तुमच्या."

"ती चांगली दोरी आहे."

"म्हणून तर म्हणते. हा उजवा हात आहे ना, तो फक्त बटण दाबतो. डाव्याला दुसरं काम द्या. त्याने आधीच कमरेचं मॅगझिन पकडून ठेवलं तर झेलणार कशाने?"

तिने सहज सांगितलं आणि ती कुकर उतरवायला गेली. मी तसं केलं. डावा हात आधी कमरेवर, मग उजव्या अंगठ्याने बटण. झेलायला हातच मोकळा राहिला नाही. आठवडा संपेपर्यंत गादीवर मॅगझिन पडत राहिलं आणि मी दोन सेकंदांच्या जवळ आलो.

सामन्याच्या सकाळी मुठ्याला चांगली थंडी होती. थंडीत मॅगझिनमधला गॅस मंदावतो आणि छर्रा ढिला सुटतो, म्हणून सगळे जण मॅगझिनं काखेत धरून उभे होते. दादा आणि वहिनी पहिल्यांदाच बघायला आले. भाडेकरूने त्यांच्यासमोर चष्मे धरले.

"मला हाय चष्मा," दादा म्हणाले. "मोतीबिंदूचा."

"त्याच्यावरून घाला, दादा. नाहीतर मला सामना थांबवावा लागेल."

दादांनी चष्म्यावर चष्मा घातला आणि बाजूच्या बांधावर, दोरीच्या बाहेर बसले. वहिनींनीही घातला. पेंढा अंथरलेल्या दोन्ही जागा त्यांनी आधी जाऊन निरखल्या होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या लहान होत्या, तिथे मॅगझिन बदलायचं काम नव्हतं. त्या संपल्या तेव्हा मी चौदा जणांत नववा होतो. पण तिसरी फेरी सगळ्यात मोठी, वीस छर्ऱ्यांची, शंभर गुणांची. आधीच्या दोन्ही वेळा मी हिच्यातच बुडालो होतो. खेळायला माझी पाळी बारावी होती. तोवर बसून राहणं हेच त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ठरलं.

पंचाने विचारलं, "तयार?" मी मान हलवली. टायमर वाजला.

पहिल्या आडोशामागून तीन कागद आणि एक पत्रा. पत्र्यावर छर्रा वाजला की टिंग असा बारीक आवाज येतो, तो आला. डावा हात कमरेवर गेला, अंगठ्याने बटण दाबलं आणि मॅगझिन गेलं. आवाज झाला नाही. मी पुढे निघालो होतो. नवं मॅगझिन बसलं तेव्हा माझे पाय चालत होते. हे माझ्या बाबतीत आधी कधीच झालं नव्हतं.

दुसऱ्या आडोशाला पुन्हा तसंच. फक्त या वेळी मी अंदाजापेक्षा लवकर निघालो आणि बटण दाबलं तेव्हा पेंढा मागे राहिला होता. मॅगझिन खाली पडलं आणि खणकन वाजलं. दगडावर. बत्तीसशे रुपये दगडावर पडल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. मान खाली वळायला आली होती. बांधावरून दादांचा आवाज आला, "पडू दे त्ये. फुडं बघ."

मी पुढे बघितलं. उरलेले दोन कागद, शेवटचा पत्रा. टिंग.

"अठ्ठावीस पूर्णांक दोन," पंच म्हणाला. त्याने टायमर पुन्हा डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे बघितलं.

पिस्तूल रिकामं करून म्यानात ठेवलं आणि मग आम्ही कागद तपासत गेलो. सतरा छर्रे मधल्या चौकटीत किंवा पत्र्यावर, तीन बाहेरच्या पट्टीत. चौऱ्याण्णव गुण. चौऱ्याण्णव भागिले अठ्ठावीस पूर्णांक दोन. हा भागाकार मी भाडेकरूच्या मोबाइलच्या आधी मनात केला: तीन पूर्णांक तेहतीस.

मग मी मागे जाऊन दगडावरचं मॅगझिन उचललं. एका कोपऱ्याला पांढरा ओरखडा आला होता. तोंड शाबूत होतं. तो ओरखडा मी मुद्दाम घासून काढलेला नाही.

उरलेले दोघे खेळले, बेरजा झाल्या आणि भाडेकरूने खालून वर नावं वाचायला सुरुवात केली. चौदावा मी नव्हतो. तेराव्याला माझं नाव आलं नाही, दहाव्यालाही नाही. सातवं नाव त्याने स्वतःचं वाचलं आणि कोणी तरी शीळ घातली. माझं नाव आलं तेव्हा वर तीनच जण उरले होते.

"चवथा?" दादांनी मला विचारलं. "खालनं का वरनं?"

"वरनं, दादा."

दादांनी दोन्ही चष्मे काढले, एकदम. "मग ओढ्यापलीकडच्यांना मी सांगतो," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर त्यांना पटायचं न्हाई." जाताना त्यांनी भाडेकरूच्या खांद्यावर थाप मारली. "भाडं वेळेवर देत जा. मालकाचा नेम बसायला लागलाय."

घरी ओसरीवर चहा झाला. माझ्या पत्नीने चहाला आलेल्या नेमबाजांना दोनदा सांगितलं होतं की डाव्या हाताची युक्ती तिची. ती खरंच तिची आहे, हे मीही दोनदा सांगितलं. बियाण्याची पिशवी मी गाडीत ठेवली. आमच्या विहिरीजवळच्या पट्टीत, जिथे छर्रा पोचत नाही, तिथे तो हरभरा त्याच आठवड्यात पेरला.

दादांना मी अकराशे रुपये दिले. त्यांनी ते मोजून घेतले. मग वहिनींसमोर सहाशे ठेवले, तीस पेंढ्यांचे, वीस रुपये पेंढीप्रमाणे. वहिनी खाचरात जाऊन आल्या होत्या.

"दोन पेंढ्या सोडल्याच न्हाईत तुमी," त्या म्हणाल्या. "बांधल्या बांधल्या कडंला हायेत. त्या म्हस खाईल." आणि चाळीस रुपये माझ्यापुढे परत सरकवले.

पाचशे साठ रुपये, वहिनींना, अठ्ठावीस पेंढ्यांचे.