भिंतीआडची तार

भावसिंग राठोडचं काम पाहायचं तर भिंतीकडे पाहू नये, तिथं काही दिसतच नाही. दारव्ह्यात वायरमन म्हणून त्याचं नाव झालं ते यामुळेच. लोकांना पंखा हवा, कूलर हवा, पण वायर दिसली की नाकं मुरडतात. आणि भावसिंगला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी त्याचा पंचवीस वर्षांचा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण गिऱ्हाइकापुढे मेणाहून मऊ. त्याचा मला राग येतो.

मार्चात कोकिळाबाईंनी त्याला बोलावलं. त्यांच्या सासूबाई तानाबाईंना लकवा झालेला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताशी बेलचं बटण द्यायचं होतं, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल.

"पण भिंतीवर वायरची पट्टी नका ठोकू, भाऊ. आताच रंग देल्ला," कोकिळाबाई म्हणाल्या.

बेल बॅटरीवरची, तिची तार बारीक. स्लॅबमध्ये पाईप एकच, आणि त्यात कूलरची लाइन. घरच्या करंटच्या पाईपात बेलची तार घालायची नाही, हे उस्तादानं भावसिंगला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तार ओढताना सोलली गेली तर करंट सरळ बटणापर्यंत येतो. त्याला हे पाठ होतं. तरी त्यानं मेन बंद केला आणि त्याच पाईपातून तार ओढली. बेल वाजली. कोकिळाबाईंनी चहा दिला.

मे महिन्यात कूलरचा पंप बदलायला तो पुन्हा गेला. तानाबाई स्टीलच्या गिलासावर चमचा वाजवत होत्या.

"बेल बिघडली का, वहिनी?"

"बेल चांगली आहे. सकाळी कूलर बंद केल्यावर म्या दाबून पाह्यली, वाजते. म्हातारीच दाबत नाही. कूलर लावला तवापासून हेच करून राह्यली. म्या लय रागावली. एकडाव हातावर मारलं बी."

कूलर लावला तेव्हापासून. नवा पंप बसवून भावसिंगनं कूलर चालू केला आणि बटणाच्या पितळी कडीला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला.

उंदरानं तार कुरतडली म्हणाला असता, तर कुणी उलटून विचारलं नसतं. त्यानं मेन पाडला.

"वहिनी, चुकी माही आहे. मावशीले करंट लागत होता."

कोकिळाबाई खाटेशी बसल्या आणि सासूचा डावा हात धरून रडल्या.

त्याच दुपारी भावसिंगनं नव्या रंगावरून पांढरी पट्टी ठोकली. बेलची तार तिच्यातून वेगळी नेली. मग कूलर चालू करून बटणावर आधी स्वतःचं बोट ठेवलं. बेल वाजली.

"मावशी, आता काही होत नाही. दाबा."

तानाबाईंनी त्याचं बोट धरलं आणि पुन्हा बटणावर टेकवलं. मग पुन्हा. चार वेळा बेल वाजली, चारही वेळा त्याच्याच बोटानं. नंतर त्यांनी हात काढून घेतला आणि चमचा शोधला.

भावसिंग आता रोज कामावर निघताना त्या घरात शिरतो आणि त्यांच्यासमोर बटण दाबून दाखवतो. तानाबाई बघतात. आणि पाणी हवं झालं की गिलास वाजवतात.